स्मार्ट फॅक्टरीत माणसाला नक्की काय शिकवायचं?

स्मार्ट फॅक्टरी, म्हणजे सेन्सर आणि सॉफ्टवेअरने जोडलेला कारखाना, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं आता सगळं रोबोट करणार आणि ऑपरेटरने नुसतं स्क्रीनकडे बघत बसायचं. पण होतं उलटंच. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हे मांडलं होतं, की ऑटोमेशन सोपी कामं घेऊन टाकतं आणि अवघड तेवढी माणसाकडे उरतात, वर रोजचा सराव सुटल्यामुळे ऐन गडबडीच्या वेळी त्याचा हात बसलेला नसतो. म्हणून मशीन हुशार झालं की ट्रेनिंग कमी नाही, जास्त लागतं.

आता एक मोटर घ्या, मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. व्हायब्रेशन सेन्सरच्या ग्राफमध्ये २५ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला २५ वेळा) टोक वाढलं तर आधी संशय अनबॅलन्सचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असल्याचा, ५० वर वाढलं तर बहुतेक वेळा अलाइनमेंट बघायची, म्हणजे जोडलेले शाफ्ट एका रेषेत आहेत का ते, आणि २५ च्या पटीत न बसणारी टोकं दिसली तर बेअरिंग तपासायचं. सॉफ्टवेअर हे सगळं सांगतं हो, पण सेन्सरच ढिला बसला असेल तर? तेव्हा आकडा खोटा आहे हे ओळखायला मशीन उघडून पाहिलेला माणूसच लागतो, नुसता डेटाचा कोर्स केलेला नाही.

आणि जुन्या कामगाराला हे जमणार नाही असं म्हणणं मला अजिबात पटत नाही. १९६८ च्या सुमारास जनरल मोटर्स या अमेरिकन कार कंपनीला रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचांची) पॅनेल नको झाली होती, कारण मॉडेल बदललं की सगळं वायरिंग नव्याने करावं लागायचं, त्यातून पीएलसी आला, म्हणजे वायरिंगऐवजी प्रोग्रॅम बदलून मशीन चालवणारा कंट्रोलर. त्याची लॅडर लॉजिक भाषा मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखीच ठेवली, त्यामुळे इलेक्ट्रिशियनला ती बघून वाचता यायची. म्हणजे जे येतं तिथून पुढे नेलं की लोक शिकतात, सगळ्यांना पहिल्या दिवशी पायथॉनसारख्या प्रोग्रॅमिंग भाषेसमोर बसवायची गरज नाही.

डिजिटल ट्विनचा, म्हणजे खऱ्या मशीनच्या कॉम्प्युटरमधल्या नकलेचा, खरा उपयोगही मला इथेच दिसतो. खऱ्या लाइनवर कोणी मुद्दाम बिघाड करू देणार नाही, ट्विनवर मात्र पंप बंद पाडा, सेन्सरला चुकीचं रीडिंग द्यायला लावा, काय होतं बघा, परत करा. नंतर खऱ्या मशीनवर हात फिरवायचाच, तापलेल्या बेअरिंगचा वास स्क्रीनवर येत नाही. परीक्षाही तशीच घ्यावी, चार पर्यायांचे प्रश्न नकोत, बिघडलेलं मशीन आणि खोटं बोलणारा एक सेन्सर समोर ठेवायचा आणि शोध म्हणायचं.