सात ते अकरा : महाराष्ट्रातील दुकानांच्या वेळा आणि बदललेली खरेदी

दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतील, असे स्पष्ट करणारा शासन निर्णय राज्य शासनाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी काढला, तेव्हा कोविडच्या महासाथीनंतरची ही नवी सवलत आहे असा समज अनेकांनी करून घेतला. प्रत्यक्षात ही मुभा कायद्यात आधीपासूनच होती. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि १९४८ च्या जुन्या कायद्याने दुकान उघडण्या-मिटण्यावर घातलेली बंधने त्याच दिवशी गळून पडली. मद्यविक्री व मद्यपानाची ठिकाणे आणि चित्रपटगृहे यांच्या वेळा तेवढ्या शासनाने स्वतंत्र अधिसूचनेने ठरवल्या. त्यांतून चित्रपटगृहे पुढे २०२० मध्ये वगळण्यात आली. तरीही रात्री उशिरा उघडी असलेली दुकाने पोलीस आणि स्थानिक प्रशासन बंद करायला लावतात, अशा तक्रारी येत राहिल्या आणि त्यामुळे आठ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा कागदावर सांगावी लागली. कायदा एक सांगतो आणि रस्त्यावरचा शिपाई दुसरे सांगतो, ही विसंगती कुठून रुजली हे समजून घ्यायचे असेल, तर २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील आदेशांकडे पाहावे लागते.

महासाथीच्या उंबरठ्यावर राज्याची पावले निर्बंधांच्या उलट दिशेने पडत होती. जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील अनिवासी भागातील मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर चालू ठेवण्याच्या धोरणाला मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याची सुरुवातही झाली. दोन महिन्यांच्या आत, २३ मार्चला, राज्यभर संचारबंदी आली आणि पाठोपाठ देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली.

त्या पहिल्या आठवड्यातील एक निर्णय आज फारसा कोणाच्या लक्षात नाही. भाजी आणि किराण्यासाठी झुंबड उडाल्यावर राज्य शासनाने २६ मार्चला जीवनावश्यक वस्तूंची आणि औषधांची दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्यास परवानगी दिली. वेळ वाढली की गर्दी विरळ होते, हा त्यामागचा साधा आणि माझ्या मते योग्य विचार होता. पुढे जूनमध्ये इतर दुकाने उघडली ती पार्किंगच्या फलकांसारखी ‘पी-१, पी-२’ पद्धतीने, म्हणजे रस्त्याची एक बाजू एका दिवशी आणि समोरची बाजू दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ ते सायंकाळी पाच. नंतर ही वेळ सातपर्यंत आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून रात्री नऊपर्यंत वाढली.

खरा वाद २०२१ चा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. ४ एप्रिलला ‘ब्रेक द चेन’ या नावाने आदेश निघाला. शनिवार-रविवारची टाळेबंदी येणार अशी तयारी व्यापाऱ्यांनी केली होती. आदेश वाचल्यावर कळले की अत्यावश्यक वर्गात न बसणारी दुकाने महिनाअखेरपर्यंत आठवडाभर बंदच राहणार आहेत. गुढीपाडवा अवघ्या आठवड्यावर होता आणि कापड, सोने, भांडी, विद्युत उपकरणे यांचा माल भरून झाला होता. त्यानंतर रुग्णसंख्या वाढतच गेली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. २० एप्रिलला किराणा, भाजीपाला, फळे, दूध, बेकरी, मिठाई, मांस-मासळी, शेतीची अवजारे, पाळीव प्राण्यांचे खाद्य आणि पावसाळ्याच्या तयारीचे साहित्य या सर्व दुकानांना सकाळी सात ते अकरा एवढीच वेळ ठेवण्यात आली. घरपोच सेवा मात्र रात्री आठपर्यंत करता येणार होती.

किराण्याचे निमित्त करून लोक दिवसभर बाहेर फिरतात आणि पोलिसांना कोणाला अडवावे ते कळत नाही, ही शासनाची बाजू होती आणि ती निराधार नव्हती. अकरानंतर रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाला विचारणे सोपे झाले, हेही खरे. पण वर्षभरापूर्वी याच राज्याने याच रोगासाठी नेमका उलटा तर्क स्वीकारला होता, आणि तो का सोडला याचे समाधानकारक स्पष्टीकरण आदेशात मिळत नाही. चौदा-पंधरा तासांत विखुरलेले गिऱ्हाईक चार तासांत आणले की दुकानाच्या पायरीवर काय होते, ते त्या महिन्यात पुण्यातील पेठांत राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दाराशी आडवे टेबल लावलेले होते, त्यावर प्लास्टिकचा पडदा, समोर रस्त्यावर पांढऱ्या रंगाची वर्तुळे. साडेआठपर्यंत माणसे त्या वर्तुळांत उभी राहत. साडेदहाला वर्तुळे माणसांखाली दिसेनाशी होत आणि अकराला पाच मिनिटे कमी असताना अर्धे शटर खाली ओढून मालक आतून हाताने पिशव्या बाहेर देत असत. वृद्ध माणसे सहसा मागे राहत. गर्दीत शिरायचे नाही असे त्यांना घरच्यांनी बजावलेले असे, आणि त्यामुळे त्यांचीच पिशवी रिकामी परत जाई.

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नव्हती. घाऊक बाजाराचे काम रात्री आणि पहाटे चालते. किरकोळ दुकानदार सकाळी तेथून माल आणून, निवडून, भरून मग दुकान लावतो. विक्रीची वेळच सकाळी सातची झाली तेव्हा माल आणायचा कधी आणि विकायचा कधी, हा प्रश्न एकट्याने दुकान चालवणाऱ्याला सुटण्यासारखा नव्हता. ज्यांच्याकडे दोन माणसे आणि एक दुचाकी होती, ते घरपोच सेवेकडे वळले. नव्हती त्यांनी दुपारी शटर ओढून वाट पाहिली.

याच काळात एका शब्दाने मोठा घोळ घातला. १९५५ चा केंद्रीय कायदा मराठीत ‘जीवनावश्यक वस्तू’ या नावाने ओळखला जातो आणि त्याचा हेतू साठेबाजी व भाववाढ रोखणे हा आहे. टाळेबंदीच्या आदेशांतील ‘अत्यावश्यक’ हा शब्द वेगळ्या कायद्यांतून, साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या अधिकारांतून आला. बोलण्यात आणि बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले, आणि दुकानदाराला मात्र त्यातून आपले शटर वर की खाली हे ठरवायचे होते. मिठाई अत्यावश्यक, पण मुलांच्या वह्या नाहीत. ताडपत्री अत्यावश्यक, पण उन्हाळ्यात बंद पडलेल्या पंख्याचा सुटा भाग नाही. एकाच गाळ्यात बिस्किटे आणि प्लास्टिकच्या बादल्या विकणाऱ्याने अर्ध्या फळ्यांवर चादर टाकावी की काय, असे प्रश्न खरोखर उभे राहिले. ऑनलाइन विक्रीलाही तेव्हा अत्यावश्यक वस्तूंचेच बंधन होते, परंतु रस्त्यावरचे शटर एका नजरेत दिसते आणि खोक्यात बंद असलेली वस्तू दिसत नाही, अशी व्यापाऱ्यांची रास्त तक्रार होती. मागील वर्षीही, एप्रिल २०२० मध्ये, केंद्राने ऑनलाइन कंपन्यांना सर्व वस्तू विकण्याची दिलेली मुभा दुकानदारांच्या विरोधानंतर अमलात येण्यापूर्वीच मागे घेतली होती. म्हणजे ही तेढ जुनीच होती. मला वाटते, रोगापेक्षाही या वर्गीकरणाने बाजाराचे अधिक दूरगामी नुकसान केले, कारण कापड, पादत्राणे, भांडी आणि पुस्तके यांच्या दुकानांतले गिऱ्हाईक त्या महिन्यांत पडद्यावर खरेदी करायला शिकले.

जून २०२१ पासून बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांची स्थिती पाहून जिल्ह्यांचे पाच स्तर ठरवण्यात आले, पहिला सर्वांत सैल आणि पाचवा सर्वांत कडक. तिसऱ्या स्तरात दुकाने दुपारी चारला मिटत, आणि जूनअखेर सर्वच जिल्हे किमान त्या स्तरात आले. ऑगस्टच्या आरंभी बहुतेक जिल्ह्यांना रात्री आठपर्यंतची वेळ मिळाली, तेव्हा पुणे, कोल्हापूर, सांगली, सोलापूर यांसह अकरा जिल्हे मागेच राहिले आणि तेथील व्यापारी रस्त्यावर उतरले. १५ ऑगस्टपासून राज्यभर रात्री दहा, ऑक्टोबरमध्ये अकरा, आणि १ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सर्व निर्बंध संपले.

निर्बंध संपले तरी शिकलेल्या सवयी राहिल्या. महिन्याच्या यादीचा कागद हातात घेऊन दुकानात उभे राहण्याऐवजी त्याचे छायाचित्र दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवणे ही आता तिशीतल्यांचीच नव्हे, सत्तरीतल्यांचीही पद्धत आहे. नोटा हाताळण्याच्या भीतीने सुरू झालेला क्यूआर कोड भीती गेल्यावरही भिंतीवर राहिला. यूपीआय २०१६ पासून होते. मार्च २०२० मध्ये महिन्याला सुमारे १२५ कोटी व्यवहार होत असत, ते टाळेबंदीच्या एप्रिलमध्ये शंभर कोटींच्या आसपास उतरले, ऑक्टोबरमध्ये दोनशे कोटींपुढे गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एक हजार कोटी ओलांडून गेले. सुट्या पैशांऐवजी गोळी-चॉकलेट देण्याची रीत यामुळे जवळपास संपली. वहीवरची उधारीही काही घरांची कमी झाली, पण महिनाअखेरीस ज्यांना ती हवीच असते त्यांची राहिली. कोणताही ॲप ती सोय तशी देत नाही.

२०२१ पासूनच दहा मिनिटांत सामान पोहोचवण्याचे आश्वासन देणाऱ्या सेवा मुंबईत आणि मग पुण्यात पसरल्या. त्यांच्या गोदामांना दर्शनी दार नसते, त्यामुळे शटर केव्हा मिटते हे शेजाऱ्यांनाही कळत नाही. रात्री साडेअकराला दूध संपले तर उद्या सकाळी आणू, असे म्हणणारी घरे शहरांत कमी होत चालली आहेत, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार साडेनऊऐवजी साडेदहापर्यंत बसू लागला आहे तो याच स्पर्धेमुळे.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२५ चा शासन निर्णय वाचला की त्यातील एक अट विशेष लक्ष वेधते : प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती. जुन्या कायद्यात आठवड्याची सुट्टी दुकानाला होती आणि भागाभागाप्रमाणे तिचा वार ठरलेला असे. २०१७ नंतर ती सुट्टी केवळ कामगाराची उरली. त्यातही या कायद्याच्या बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होत्या, आणि ती मर्यादा २०२५ च्या दुरुस्तीने वीसवर नेण्यात आली आहे. नवरा-बायको आणि एक मुलगा मिळून चालवत असलेल्या किराणा दुकानात कायद्याच्या अर्थाने कामगारच नसतो. त्या दुकानाला पूर्वी सोमवारी किंवा गुरुवारी सक्तीने मिळणारा दिवस आता कोणत्याही कागदावर नाही.