एप्रिलच्या सरासरीवरून बॅटर ठरत नाही

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की दरवर्षी तेच फिरतं: 'पहिल्या दोन आठवड्यांतच कळतं, नवा पोरगा चालणार की नाही.' असं वाटणं साहजिक आहे. आकडा समोरच असतो. पण मोठ्या लीगमध्ये प्रत्येक संघाचे १६२ सामने. दोन आठवड्यांत बॅटरला मिळतात जेमतेम ५० संधी. सरासरी म्हणजे हिट (बॅटरला बेसवर सुखरूप पोचवणारे फटके) भागिले संधी. म्हणजे ५० संधींत १३ हिट झाले तर .२६०, १६ म्हणजे थेट .३२०! फरक तीन हिटचा, त्यातला एखादा तर फील्डरच्या ग्लोव्हला चाटून निसटलेला. ६०० संधींत हेच तीन हिट सरासरी फक्त .००५ ने हलवतात. पडताळायचं तर कुठल्याही जुन्या हंगामाची एप्रिलच्या मध्याची सरासरीची यादी सप्टेंबरअखेरच्या यादीशेजारी ठेवा. घाई असेलच, तर स्ट्राइकआउटचं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं, प्रमाण बघा. ते त्यामानाने लवकर स्थिरावतं.