वकिली व्यवसायातील सुरक्षित फाइल-देवाणघेवाण

अशिलाने विश्वासाने सोपवलेली कागदपत्रे, मसुदे, पुरावे आणि पत्रव्यवहार वकिलाच्या कार्यालयातून अशील, ज्येष्ठ वकील, विरुद्ध पक्ष व न्यायालय यांच्याकडे संगणकीय मार्गाने पोचवताना त्यांची गुप्तता आणि मूळ रूप टिकवण्यासाठी केलेली व्यवस्था. तिच्यात कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) साठवण, प्रवेशावरील नियंत्रण, कोणी काय केव्हा उघडले याची नोंद आणि काम संपल्यावर कागद नष्ट करण्याची शिस्त हे सारे येते. बँका आणि रुग्णालयेही लोकांची खासगी माहिती जपतात. वकिलाच्या फाइलचे दुखणे निराळे आहे. बाजू कुठे लंगडी आहे, तडजोड कितीवर होऊ शकेल, कोणता साक्षीदार उलटतपासणीत टिकणार नाही, हे तिच्यात निवडून, टिपणे काढून ठेवलेले असते. चोराला शोधाशोध करावी लागत नाही. ती वकिलाने आधीच करून ठेवलेली असते.

गुप्ततेचे बंधन संगणकाहून पुष्कळ जुने आहे. भारतात भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ने अशिलाशी झालेले बोलणे त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करण्यास वकिलाला मनाई केली. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२मध्ये आहे. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी झालेले बोलणे आणि वकीलपत्र घेतल्यानंतर घडलेला आणि वकिलाच्या लक्षात आलेला गुन्हा किंवा फसवणूक यांना हे संरक्षण नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे आचारनियमही हे बंधन पाळायला सांगतात. हा विशेषाधिकार वकिलाचा नसून अशिलाचा आहे, ही गोष्ट वकीलही अधूनमधून विसरतात. दुभाषी आणि वकिलाचे कारकून यांनाही कायद्याने याच बंधनात धरले आहे. १८७२मध्ये कागद हाताळणारे तिसरे माणूस म्हणजे एवढेच. आज ते काम परदेशातल्या सर्व्हरवर जागा भाड्याने देणारी कंपनी करते. तिचे नाव कलमात नाही, म्हणून तिच्याशी करायच्या कराराला महत्त्व येते.

कागदाच्या काळात सुरक्षितता म्हणजे कपाटाची किल्ली आणि भरवशाचा मुन्शी. तालुक्याच्या वकिलाने मुंबईतल्या वकिलाकडे अपिलाचे कागद पाठवायचे तर गठ्ठा बांधून माणूस किंवा कुरियर धाडायचा. ईमेल आल्यावर हा प्रवास मिनिटांवर आला आणि व्यवसायाने त्याच्या धोक्याकडे बराच काळ काणाडोळा केला. अमेरिकन बार असोसिएशनने १९९९मध्ये साध्या, कूटबद्ध न केलेल्या ईमेलने अशिलाशी व्यवहार करणे आचारसंहितेत बसते असा अभिप्राय दिला. २०१२मध्ये तिने आदर्श नियम बदलले. तंत्रज्ञानातील लाभ आणि जोखीम समजून घेणे हा वकिलाच्या सक्षमतेचा भाग ठरला, आणि माहिती फुटू नये म्हणून वाजवी प्रयत्न करणे हे कर्तव्य झाले. २०१७च्या अभिप्रायात आणखी एक पाऊल पुढे टाकले: माहिती जितकी नाजूक तितकी काळजी अधिक, आणि काही प्रकरणांत साधा ईमेल पुरेसा नाही.

या दोन अभिप्रायांच्या मध्ये पनामा पेपर्स होऊन गेले होते. परदेशी कंपन्या उघडून देणाऱ्या पनामातील मोसॅक फोन्सेका या फर्मचे १ कोटी १५ लाख दस्तऐवज, सुमारे २.६ टेराबाइट, एका अज्ञात व्यक्तीने जर्मन दैनिक ‘झ्यूडडॉइचे त्साइटुंग’ला दिले आणि एप्रिल २०१६मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांनी ते एकत्रितपणे प्रकाशात आणले. भारतात ‘इंडियन एक्सप्रेस’ त्यात होते. आइसलंडच्या पंतप्रधानांना पद सोडावे लागले. पाकिस्तानात नवाज शरीफ यांच्याविरुद्धची कारवाई येथूनच सुरू झाली आणि २०१७मध्ये ते अपात्र ठरले. फर्मने मार्च २०१८मध्ये गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अशिलांसाठी फर्मने उघडलेले संकेतस्थळ ज्या प्रणालीवर चालत होते तिची आवृत्ती कित्येक वर्षे अद्ययावत केलेली नव्हती, असे तज्ज्ञांना तेव्हा आढळले. लोकहिताच्या दृष्टीने ही गळती इष्टच होती असे अनेकांचे मत आहे. पण ज्या दारातून करबुडव्यांचे कागद बाहेर पडतात त्याच दारातून घटस्फोटाच्या दाव्यातील पत्नीचे कागदही पडतात, आणि त्याचे उदाहरण चार वर्षांत मिळाले.

लंडनच्या टकर्स सॉलिसिटर्स या फौजदारी बचावाचे काम करणाऱ्या फर्मवर ऑगस्ट २०२०मध्ये रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. ९ लाख ७२ हजार १९१ फाइली कुलूपबंद झाल्या. त्यांतल्या २४ हजार ७१२ न्यायालयीन गठ्ठ्यांशी संबंधित होत्या आणि ६० गठ्ठे गुन्हेगारांनी इंटरनेटच्या चोरबाजारात मांडले. त्यांत वैद्यकीय कागद होते, साक्षीदारांचे जबाब होते, पीडितांची नावे आणि पत्ते होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२२मध्ये ९८ हजार पौंडांचा दंड केला. आयुक्तांचा निर्णय वाचताना लक्षात राहते ते हल्लेखोरांचे कसब नव्हे. घरून काम करणाऱ्यांच्या प्रवेशाला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. एका ज्ञात त्रुटीवरची दुरुस्ती जानेवारी २०२०मध्ये उपलब्ध झाली, ती बसवली जूनमध्ये. जुन्या गठ्ठ्यांचे संग्रहण कूटबद्ध केलेले नव्हते, आणि फर्मच्याच नियमाप्रमाणे जे गठ्ठे आधीच नष्ट व्हायला हवे होते तेही त्यात पडून होते. हा शेवटचा दोष वकिलांच्या हाडीमासी खिळलेला आहे. कधी लागेल सांगता येत नाही म्हणून काहीच टाकायचे नाही, ही सवय कपाटात फार तर जागा अडवते, सर्व्हरवर मात्र अंगाशी येते.

सुरक्षिततेसाठी विकत घेतलेले साधनच फुटल्याची प्रकरणे व्यवसायाला अधिक झोंबली. मोठ्या फाइली पाठवण्यासाठी अॅक्सेलियन कंपनीचे सुमारे वीस वर्षांपूर्वीचे उत्पादन अनेक संस्था वापरत. ते बंद करण्याची तारीख ठरलेली असतानाच डिसेंबर २०२०मध्ये त्यातील त्रुटी चोरांच्या हाती लागल्या. जोन्स डे आणि गुडविन प्रॉक्टर या अमेरिकी फर्मांची माहिती त्यात गेली. मे २०२३मध्ये मूव्हइट या तशाच साधनाची पाळी आली आणि क्लॉप टोळीने बळी म्हणून काही बड्या लॉ फर्मांची नावे जाहीर केली. त्याच वर्षी ऑरिक ही फर्म लुटली गेली. माहितीचोरी झालेल्या कंपन्यांना सल्ला देणे हे तिचे एक खास काम. त्या कामासाठी गोळा झालेली, आधीच एकदा चोरीला गेलेल्या लोकांची माहिती पुन्हा चोरीला गेली; बाधितांची संख्या ६ लाखांवर होती. डीएलए पायपर या फर्मवरचा जून २०१७चा नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरचा हल्ला मात्र वेगळ्या जातीचा होता. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून तो पसरला, फर्मचे फोन आणि ईमेल बंद पडले. तिथे प्रश्न गुप्ततेचा नव्हता, तारखेला उभे राहायचे तर कागद कुठून आणायचे याचा होता.

मोठ्या फर्मांत आता कागद व्यक्तीच्या संगणकावर न राहता दस्तऐवज-व्यवस्थापन प्रणालीत राहतो. आयमॅनेज आणि नेटडॉक्युमेंट्स ही त्यांतली चालती नावे. प्रत्येक प्रकरणाला स्वतंत्र खण असतो आणि त्या प्रकरणावर नसलेल्या सहकाऱ्यालाही तो उघडत नाही. एकाच फर्मच्या दोन चमू एकमेकांशी हितसंबंध भिडणाऱ्या अशिलांचे काम पाहत असतील तर ही भिंत अत्यावश्यक ठरते. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत पूर्वी एका बंद खोलीत कागद मांडून खरेदीदाराच्या वकिलांना तिथेच बसून वाचायला लावत. आता ती खोली आभासी झाली आहे. कागद दिसतो पण उतरवून घेता येत नाही, पानावर वाचणाऱ्याचे नाव उमटलेले असते आणि कोणत्या परिशिष्टावर तो किती वेळ रेंगाळला हेही विक्रेत्याला कळते. ही शेवटची सोय वाटाघाटीत किती उपयोगी पडते हे वेगळे सांगायला नको.

यंत्रणा कितीही भक्कम असली तरी फाइल तयार करणाऱ्याचा हात राहतोच. डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी जानेवारी २०१९मध्ये न्यायालयात दिलेल्या पीडीएफमध्ये गोपनीय ओळींवर काळे पट्टे होते. पत्रकारांनी ते पट्टे निवडून मजकूर कॉपी केला आणि कोऱ्या पानावर चिकटवला. खालची अक्षरे जशीच्या तशी आली. पट्टा चित्र म्हणून वर ठेवला होता, मजकूर काढलाच नव्हता. वर्ड फाइलमधील आधीच्या दुरुस्त्या आणि समासातील शेरे तसेच राहून विरुद्ध पक्षाकडे जाणे हा याचाच घरगुती अवतार.

भारतात कागदाचा प्रवाह न्यायालयांनीच बदलला. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७मध्ये सुरू झाला. सप्टेंबर २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जुन्या नोंदींचे अंकीकरण आणि ई-फाइलिंग हे त्यातले मोठे भाग. ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईवारी टळली, तरी दाव्याचे कागद स्कॅन करून चढवण्याचे काम चुकलेले नाही. ते बहुतेक ठिकाणी ज्युनिअर किंवा कोर्टाबाहेरचा टायपिंगवाला करतो. त्या दुकानातल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर किती अशिलांच्या फाइली उरल्या असतील, याची चिंता क्वचितच कोणी करतो.

पुराव्याच्या कायद्याने या हलगर्जीला वेगळीच किंमत लावली आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-बचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच हजर केल्यास ते लागत नाही. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले, एक पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, लिहायला लावले. एसएचए-२५६ पद्धतीने काढलेले हे मूल्य ६४ अक्षर-अंकांचे असते आणि फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी पार बदलते. आता नेहमीचा प्रसंग पाहू. मारहाणीत जखमी झालेला अशील मोबाइलवर काढलेला फोटो वकिलाला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. अॅप फोटो आकसवते, कधी-कुठे काढला याची अंतर्गत नोंद गळून पडते, आणि वकिलाकडे आलेल्या फाइलचे हॅश मूल्य फोनमधल्या मूळ फाइलशी जुळत नाही. व्हॉट्सअॅप दोन टोकांदरम्यान कूटबद्ध आहे, वाटेत कोणी वाचले नाही, तरीही पुराव्याच्या दृष्टीने आलेली वस्तू ती नव्हेच. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ रूपात पोचतो. सुरक्षित आणि ग्राह्य या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे यातून दिसते.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ वकिलांना लागू नाही असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. कलम १७ कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला संमती वगैरे बहुतेक अटींतून सूट देते, परंतु वाजवी सुरक्षा उपाय योजण्याचे कलम ८(५)मधील बंधन त्या सुटीतून मुद्दाम वगळले आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे.

धोका नेहमी चोराकडूनच येतो असे नाही. तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स पाठवू लागल्याने स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निर्णय दिला. वकिलाचे डिजिटल उपकरण मागवायचेच तर ते न्यायालयापुढे सादर व्हावे, संबंधित पक्षकाराला नोटीस देऊन आक्षेप ऐकावेत आणि ते फेटाळले गेल्यासच उपकरण वकील व पक्षकार यांच्या समक्ष, त्यांनी निवडलेल्या तंत्रज्ञाच्या मदतीने उघडावे, असे त्यात ठरले. त्याच उपकरणात असलेल्या इतर अशिलांच्या माहितीला धक्का लागू नये, अशीही ताकीद आहे. प्रत्येक प्रकरणाचा खण वेगळा ठेवणाऱ्या कार्यालयाला ही ताकीद अमलात आणणे सोपे जाते. एकाच लॅपटॉपच्या ‘डाउनलोड्स’मध्ये सारा संसार मांडणाऱ्याला जवळजवळ अशक्य.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव करार तपासण्याच्या कामातून झाला. सिरिल अमरचंद मंगलदास या मुंबईच्या फर्मने २०१७मध्ये कॅनडातील किरा सिस्टिम्सचे साधन घेतले, तेव्हा भारतीय फर्मांसाठी ते नवलाचे होते. भाषेची प्रारूपे (चॅटबॉटच्या मुळाशी असलेली, मजकूर रचणारी यंत्रणा) सर्वांच्या हाती आल्यावर चर्चा बनावट निवाड्यांभोवतीच फिरली. न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध अॅव्हिआन्का प्रकरणात अस्तित्वात नसलेले निवाडे उद्धृत केल्याबद्दल जून २०२३मध्ये वकिलांना ५ हजार डॉलर भरावे लागले. बनावट निवाडा न्यायालयात पकडला जातो. सारांश काढण्यासाठी सार्वजनिक चॅटबॉटमध्ये चिकटवलेले अशिलाचे टिपण मात्र कोणाच्याच नजरेस येत नाही, आणि ते कोठे साठते हे त्या सेवेच्या अटींवर ठरते. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै २०२४च्या अभिप्रायात अशी माहिती स्वतः शिकत राहणाऱ्या साधनात टाकण्यापूर्वी अशिलाची माहितीपूर्ण संमती घ्यावी आणि ती वकीलपत्राच्या छापील मजकुरातील एका सर्वसाधारण वाक्याने भागवू नये, असे सांगितले. भारतात केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये जिल्हा न्यायपालिकेसाठी धोरण काढले. निष्कर्ष किंवा निर्णयासाठी ही साधने वापरू नयेत, मान्यता नसलेल्या क्लाउड सेवांत न्यायालयीन माहिती टाकू नये, असे ते बजावते. मात्र ते न्यायाधीश व न्यायालयीन कर्मचारी यांच्यासाठी आहे. समोर उभ्या असलेल्या वकिलाच्या मोबाइलला ते लागू होत नाही.