पार्श्वभूमी: तीस शिलिंगांचे नाणे छत्तीसच्या वर कसे गेले

स्कॉटलंडचा जेम्स सहावा १५६७ साली गादीवर बसवला गेला तेव्हा जेमतेम तेरा महिन्यांचा होता. त्याच्या नावाने लगेच पाडलेले मोठे चांदीचे नाणे म्हणजे ‘रायल’. वजन साडेतीस ग्रॅमच्या आसपास, बारा भागांत अकरा भाग चांदी. एका बाजूला उभी तलवार, वर मुकुट, शेजारी रोमन आकड्यांत तीस, म्हणजे शिलिंगांतली किंमत, आणि त्या आकड्याकडे बोट दाखवणारा हात. पुढचा सगळा गुंता या आकड्याचाच आहे.

देशात यादवी पेटली आणि एडिनबराचा किल्ला पदच्युत राणीच्या, म्हणजे जेम्सची आई मेरी हिच्या, पक्षाकडे राहिला. म्हणून राजपक्षाने टांकसाळ एडिनबराजवळच्या डॅल्कीथ गावी हलवली आणि १५७२ मध्ये अर्धा मर्क, म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्सचे नाणे काढले. त्यात बारा भागांत आठच भाग चांदी, बाकी हीण. तिकडे किल्ल्यातही एक सोनार राणीसाठी नाणी पाडत होता. १५७३ मध्ये किल्ला पडला आणि तो फासावर गेला.

रायलमध्ये शिलिंगमागे सुमारे ०.९३ ग्रॅम चांदी, अर्ध्या मर्कमध्ये ०.६८. हिणकस नाणे बाजारात फिरत असताना चोख नाणे कोण खर्चणार? ते पेटीत जाते, मुशीत जाते किंवा परदेशी जाते.

१५७८ मध्ये जुन्या रायलवर मुकुटधारी थिसलचा (स्कॉटलंडचे चिन्ह असलेल्या काटेरी फुलाचा) छोटा ठसा ठोकून त्याचा भाव ३६ शिलिंग ९ पेन्स ठरवण्यात आला. तलवारीजवळचा तीसचा आकडा तसाच राहिला. या निर्णयाकडे निव्वळ दरबारी लूट म्हणून पाहणे मला पटत नाही. नव्या भावाने शिलिंगमागे ०.७६ ग्रॅम चांदी येते, आणि त्याच सुमाराच्या दोन मर्कांच्या नाण्यातही जवळपास तेवढीच आहे. शिलिंग घसरला तो डॅल्कीथला. १५७८ च्या ठशाने ती घसरण फक्त मान्य केली.

घसरण पुढेही थांबली नाही. १६०३ मध्ये जेम्स इंग्लंडचाही राजा झाला तेव्हा एका इंग्लिश शिलिंगला बारा स्कॉटिश शिलिंग असा दर ठरला. त्यानंतर दोन्ही देशांत जवळजवळ एकसारखे नाणे पडू लागले. राजाच्या डोक्यामागे दोन्हीकडे बाराचाच आकडा: लंडनला त्याचा अर्थ बारा पेन्स, एडिनबराला बारा शिलिंग.