सागरी गवताच्या कुरणांचे पुनरुज्जीवन

उष्ण कटिबंधातील किनाऱ्यावर, भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यातून नाहीसे झालेले सागरी गवत पुन्हा रुजवून ते आपल्या बळावर पसरेल अशी स्थिती आणणे, म्हणजे त्याचे पुनरुज्जीवन. नावात गवत असले तरी ही वनस्पती तृणकुलातली नाही, समुद्री शेवाळही नाही. तिला मुळे, जमिनीत आडवे वाढणारे मूलक्षोड, फुले आणि बिया असतात.

नाशिककरांना तिचे नातलग ओळखीचे आहेत. संथ गोड्या पाण्यात वाढणारी हायड्रिला व व्हॅलिसनेरिया आणि समुद्रातील हॅलोफिला, थॅलेसिया, एनहॅलस यांचे कुल एकच : हायड्रोकॅरिटेसी. व्हॅलिसनेरियाची नरफुले देठापासून सुटून पाण्यावर तरंगत मादीफुलापाशी जातात. एनहॅलसही तेच करते, फक्त ओहोटीची वेळ साधून.

भारतात मोठी कुरणे पाल्कचा उपसागर, मन्नारचे आखात, अंदमान-निकोबार व लक्षद्वीप येथे आहेत. पाल्कच्या उपसागरात हे गवत खाणाऱ्या ड्यूगाँग या समुद्री सस्तन प्राण्यासाठी २०२२ मध्ये ४४८ चौ. किमी.चे राखीव क्षेत्र जाहीर झाले. कोकणच्या खाड्यांत कांदळवनालगतच्या चिखलात हॅलोफिला बेकारी ही इवलीशी जाती आढळते. जागतिक पातळीवर ती असुरक्षित गणली जाते.

लागवडीचे तंत्र हरळी काढून दमलेल्या शेतकऱ्याला लगेच कळेल : मूलक्षोडाचा डोळे असलेला तुकडा चिखलात गेला की त्यातून नवा फुटवा येतो. असे तुकडे काथ्याच्या दोरीने बांबूच्या चौकटीला बांधून तळाशी बसवतात, किंवा मातीच्या गड्ड्यासह उचलून लावतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाणबुड्यांची गरज नसते. ओहोटीच्या दोन-तीन तासांत गुडघाभर चिखलात उभे राहून काम उरकते. मात्र त्याच तासांत उन्हाने पाती सुकतात, खेकडे नवी रोपे उकरतात आणि भरतीची लाट सैल मुळे उपटून नेते. म्हणून आधी हॅलोफिला, हॅलोड्यूल अशा झपाट्याने पसरणाऱ्या जाती लावणे सोयीचे पडते. थॅलेसिया व एनहॅलस यांना वर्षे लागतात.

जगभरच्या १,७८६ प्रयोगांचा २०१६ मधील आढावा सांगतो की सुमारे ३७ टक्के लागवडी तगल्या. मोठ्या प्रमाणावर केलेल्या अधिक. अपयशाचे नेहमीचे कारण साधे आहे. ज्या गढूळ पाण्याने गवत मेले, त्याच पाण्यात नवे लावले जाते. या गवताला पृष्ठभागावरील प्रकाशाच्या साधारण दहावा हिस्सा तरी तळापर्यंत पोचावा लागतो, आणि तो अडवणारा गाळ व खतांवर पोसलेले शेवाळ बहुधा नदीतून येते. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतून गोदावरी १,४६५ किमी. वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, तर जवळच उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्राला. नाशिक जिल्ह्याचे पाणी दोन्ही समुद्रांत जाते, त्यामुळे द्राक्षबागांच्या खतमात्रेचा विषय या नोंदीत उपरा नाही.

खत नेहमीच वैरी असते असेही नव्हे. फ्लोरिडाच्या उथळ, फॉस्फरसची वानवा असलेल्या समुद्रात पक्ष्यांना बसायला खुंट रोवले, तेव्हा त्यांच्या विष्ठेने खालचे गवत जोमाने वाढले. पण खुंट बरीच वर्षे राहिले तिथे हॅलोड्यूल माजले आणि थॅलेसिया मागे हटले. खुंट काढल्यावरही पुढे कित्येक वर्षे तिथे हॅलोड्यूलच होते.