ब्रा घातल्याने पुरुषांची छाती वाढते का?

एक समज कायम फिरत असतो, की पुरुषाने ब्रा घातली की छाती अजून वाढते आणि घट्ट बनियन घातलं की दबून बसते. दोन्ही खरं नाही.

गायनेकोमास्टियात, म्हणजे पुरुषांची छाती स्तनांसारखी वाढते त्या स्थितीत, स्तनाग्राच्या मागची ग्रंथी वाढते, आणि ती वाढते हार्मोन्सचं प्रमाण बदलल्यामुळे, म्हणजे इस्ट्रोजेनचा परिणाम टेस्टोस्टेरॉनपेक्षा जास्त झाला की. वयात येताना हे बऱ्याच मुलांना होतं आणि बहुतेकांचं ६ महिने ते २ वर्षांत आपोआप उतरतं. काही औषधांनी किंवा जिममधल्या स्टेरॉइड्सनीही होतं. कापडाचा हार्मोन्सशी संबंधच नाही, ते फक्त आधार देतं, बनियन काढलं की आकार होता तसाच दिसतो, हे आरशात कुणीही बघू शकतं.

घरी तपासायचं तर उताणं झोपून अंगठा आणि बोटाने स्तनाग्राच्या आजूबाजूला हळूच चिमटीत धरून बघा, रबरासारखी चकती लागली तर बहुधा ग्रंथी, नुसतं मऊ लागलं तर बहुधा चरबी. गाठ कडक असेल, एकाच बाजूला असेल किंवा रक्तासारखा स्राव येत असेल तर मात्र लगेच डॉक्टरकडे जा, प्लीज लाजू नका.

बाकी धावताना दुखतं, शर्ट घासतो, म्हणून ब्रा घालावीशी वाटली तर खुशाल घाला, फक्त श्वास अडेल इतकी घट्ट नको.