कारण काय दिलंय?

नववीच्या वर्गात माध्यमांचा तास घेताना मी जाहिरात पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवते. परवा हात धुण्याच्या साबणाची होती. आवाज नसला की मुलांच्या नजरेत एकेक गोष्ट भरायला लागते: चिखलानं माखलेलं पोर, दारात काळजीत उभी आई, पांढरा कोट घातलेला माणूस, शेवटी चकचकीत बाटली. मग तीच जाहिरात आवाजासकट बघायची आणि वहीत दोन रकाने भरायचे, ‘काय वाटलं’ आणि ‘कारण काय दिलंय’. पहिला रकाना भरून वाहतो. दुसऱ्यात जेमतेम एक ओळ येते.

असं का होतं, याचं उत्तर १९८३ सालच्या एका सुंदर प्रयोगात सापडतं. रिचर्ड पेटी, जॉन काचिओपो आणि डेव्हिड शूमन या अमेरिकी संशोधकांनी ‘एज’ नावाच्या, बाजारात नसलेल्या रेझरच्या जाहिराती तयार केल्या. काहींत नावाजलेले खेळाडू होते, काहींत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावची साधी माणसं. काहींत रेझर घ्यायची ठोस कारणं होती, काहींत अगदीच लेचीपेची. जाहिराती पाहणारे होते कॉलेजचे विद्यार्थी. काहींना आधीच सांगितलं होतं, की हा रेझर लवकरच तुमच्या भागात विकायला येणार आहे आणि शेवटी तुम्हाला एक रेझर भेट म्हणून निवडायचा आहे. बाकीच्यांना निवडायची होती टूथपेस्ट.

ज्यांना रेझर निवडायचा होता, त्यांनी कारणं तोलून पाहिली. चेहरा कुणाचा आहे, यानं त्यांच्या मतात फरक पडला नाही. टूथपेस्टवाल्यांवर मात्र खेळाडूच्या चेहऱ्यानं छाप पाडली.

आता आपण जाहिराती कधी बघतो ते आठवा. जेवताना, मॅचमधल्या दोन षटकांच्या मध्ये, बसच्या खिडकीतून. म्हणजे बहुतेक वेळा आपण टूथपेस्टवाल्यांच्याच जागी असतो, आणि तिथं चेहरा, रंग, धून यांचं चालतं. त्यात भर पुनरावृत्तीची. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवलं, की निरर्थक शब्दसुद्धा वारंवार समोर आले की लोकांना ते बरे वाटू लागतात. निर्मा पावडरची धून माझ्या वर्गातल्या मुलांच्या जन्माआधीची, तरी सुरुवात करून दिली की अख्खा वर्ग ती पुरी करतो.

साधारण सात-आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरात आपल्याला काही विकायला आली आहे, हेच नीट उमगत नाही. नववीतल्यांना ते ठाऊक असतं, पण ऐन वेळी आठवत नाही. म्हणून मला जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या घरांपेक्षा दोन रकान्यांची सवय जास्त मोलाची वाटते. ती लागली, की मूल स्वतःच रेझर निवडणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतं.

गेल्या आठवड्यात एका मुलीनं वर्तमानपत्राचं पान आणलं. ‘९९.९ टक्के’ हा आकडा बोटभर उंचीचा, त्यावर चांदणी, आणि चांदणीचा खुलासा तळाशी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा हवा आणि तो ठळक दिसायला हवा. दावा मराठीत होता. पट्टी घेऊन मुलांनी दोन्हींची उंची मोजली. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ‘आस्की’ ही संस्था मुंबईतच आहे, तिच्याकडे कुणीही तक्रार करू शकतं. पुढच्या तासाला आम्ही त्या तक्रारीचा मसुदा लिहायला घेणार आहोत.